मोठेबाबा नेरुळचा तलाव पाहतात

धानाचं रोवणं आटोपलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठेबाबांनी ओसरीवर बसून हुकूम सोडला, "चाला आता, नव्या मुंबईले घर पाहून येऊ." मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरात त्यांच्या 'हो'वर लग्नं लागतात आणि त्यांच्या 'नाही'वर अपील नसतं.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलगी द्यायच्या आधी घरातलं मोठं माणूस मुलाकडचं घर पाहायला जातं. मोठेबाबांचा त्यात ठरलेला क्रम आहे. आधी गावचा तलाव, मग विहीर, मग गोठा, आणि वेळ उरला तर मुलगा. आमचा सगळा मुलूखच तलावांचा, धान पिकतं ते तलावाच्या जिवावर, त्यामुळे ऑगस्टात ज्या गावचा तलाव सुका त्या गावात पोरगी देऊ नये हे त्यांचं साधं गणित. माझ्या वेळी ते माझ्या सासरच्या तलावाच्या पाळीवर बराच वेळ उभे राहिले आणि चहा यायच्या आधीच होकार देऊन मोकळे झाले. माझा नवरा अजूनही म्हणतो, तुला मला नाही, आमच्या तलावाला दिली.

आता पाळी होती माझ्या धाकट्या बहिणीची, वर्षाची. ती नागपूरला नर्स आहे. निलेश तिथेच शिकायला होता, दोघांचं आपसात जमलं, आणि सुदैवाने तोही आमच्याच पोवार समाजातला निघाला. त्याचे वडील मूळचे देवरीकडचे, पण अर्धं आयुष्य नव्या मुंबईत नेरुळला गेलेलं. सगळं जुळत होतं. फक्त नेरुळला ना गोठा ना विहीर. निघायच्या आधी वर्षाचा फोन आला. म्हणाली, "ताई, काही कर, पण त्यांना एखादा तलाव दाखव." मी लगेच निलेशला फोन लावला. तो म्हणाला, आहे ना, आमच्या मागेच मोठं तळं आहे, लोक सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात. मी निश्चिंत झाले.

आम्ही कोहमाऱ्याहून बसने गोंदियाला आलो. बसच्या आधी धाब्यावर आलूभजे आणि चहा, तो नेम कधी चुकत नाही. गोंदियाहून दुपारी मुंबईची गाडी सुटते. ती इथूनच निघत असल्याने जागा मिळते आणि स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आसपास पडतं. तिकीट मात्र आधीच काढून ठेवा. मोठेबाबांनी खिडकी धरली ती वर्धा येईपर्यंत सोडली नाही. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, किती पाणी आहे ते मला सांगत होते, आणि अंधार पडल्यावर तेवढ्याच गंभीरपणे झोपले.

पहाटे कल्याणला उतरलो. निलेश गाडी घेऊन आला होता. तशी सोय नसेल तर कल्याणहून नव्या मुंबईकडे बसही मिळतात. शिळफाटा सोडला की रस्ता डोंगरात शिरतो. पावसाळ्यात त्या काळ्या कड्यांवरून जागोजागी पाणी कोसळत असतं. डोंगर ओलांडला आणि समोर एकदम शहर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या लांबट पट्ट्यात आखून ठेवलेली घरं. मोठेबाबा गाडीत पहिल्यांदा बोलले, "धुरे सरळ आहेत." शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो, आणि रस्त्यांची याहून मोठी तारीफ त्यांच्याकडे नाही.

उतरलो नेरुळ स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजवर, कारण होकाराआधी मुलाच्या घरी मुक्काम करायचा नाही. दुपारी निलेशच्या वडिलांनी, टेंभरेकाकांनी, आम्हाला शहर दाखवलं. काका रस्ते आखणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तरुणपणी कामाला लागले आणि इथलेच झाले. त्यांच्या तोंडून ऐकलेली हकिगत थोडक्यात सांगते. मुंबई भरून वाहायला लागली तेव्हा, सत्तरच्या दशकात, सरकारने खाडीच्या या बाजूला दुसरं शहर बांधायचं ठरवलं. नव्वदच्या वर गावांची जमीन घेतली. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यासाठी आंदोलनं झाली, रक्तही सांडलं. आधी वाशी उभी राहिली, मग एकेक करून बाकीची उपनगरं. काका आले तेव्हा नेरुळला चिखल आणि कोल्हेकुई होती. बायको पहिल्या वर्षी रोज रडायची, असं ते अगदी सहज सांगून गेले. मोठेबाबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

शहराचा स्वभाव सांगायचा तर हे हिशेबी पण मोकळ्या मनाचं शहर आहे. पत्ता म्हणजे सेक्टर आणि प्लॉट, त्यामुळे कोणी हरवत नाही. रेल्वे स्टेशनं इतकी ऐसपैस की आमच्या तालुक्याचा बाजार एकेका स्टेशनाखाली भरेल. झाडं भरपूर, फुटपाथ खरोखर चालता येण्यासारखे. आणि या सगळ्या आखीवरेखीव मांडणीत मध्येच एखादं जुनं गाव असतं. गल्ली वाकडी होते, घरं एकमेकांना टेकतात, देऊळ येतं, सुक्या मासळीचा वास येतो, आणि पुढच्या वळणावर पुन्हा सरळ सेक्टर. मला ती वाकडी गावं फार आवडली. तुम्ही गेलात तर मॉल टाळा, पण करावे गावात आणि बेलापूरच्या जुन्या वस्तीत चक्कर मारा.

संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मोठेबाबा, चला, यांचा तलाव पाहू."

तळं खूप मोठं होतं. भोवती फरसबंद वाट, बाकं, दिवे, फिरणारी माणसं. आणि मध्ये पाणीच नव्हतं. काळाशार चिखल, त्यातून गेलेली एक बारीक धार, आणि चिखलात आरामात फिरणारे बगळे. ऑगस्ट महिना, डोंगरावरून धबधबे कोसळतायत, आणि यांच्या तलावात घोट्याएवढंही पाणी नाही. मी निलेशकडे पाहिलं. तो म्हणाला, कधी भरलेलं असतं, कधी नसतं. इतकी वर्षं तिथे राहून त्याने कधी विचारलं नव्हतं. टेंभरेकाका घरी स्वयंपाकाच्या गडबडीत होते, नाहीतर त्यांनी तरी सावरलं असतं. तलाव दाखवायची हौस मलाच आली होती, आता भोगा.

टेंभरेकाकूंनी जेवणाचा घाट घातला होता. आमच्याकडे मुलाच्या घरी जेवणं म्हणजे होकार, आणि नुसता चहा म्हणजे विचार करू. मोठेबाबांनी तलावाचं नावही न काढता पोट बरं नसल्याचं सांगितलं आणि चहा घेतला. काकूंचा चेहरा उतरला. मला भूक लागली होती, घरभर मसाल्याचा वास सुटला होता, आणि मी शेजारी बसून चहा फुंकत होते. लॉजवर येताना मी त्यांना समजवायला गेले, की मोठेबाबा, हे शहर आहे, इथे पाणी नळाने येतं, धरणातून येतं. ते एवढंच म्हणाले, "तलाव खोदला, दगड लावला, दिवे लावले, अन् पाणी नाही राखलं. असे लोक पोरगी का राखतीन?"

वर्षाचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पावसाने झोडपून काढलं. जरा उसंत मिळाली तशी मी म्हटलं, निदान पाय मोकळे करू. मोठेबाबांनी छत्री घेतली आणि न विचारता तळ्याकडेच वळले. दुखरा दात जीभ चाचपत राहते, तसं त्यांचं झालं होतं.

तळं काठोकाठ भरलं होतं. काल जिथे बगळे फिरत होते तिथे लाटा हलत होत्या. मोठेबाबा जागीच थांबले. खाडीच्या बाजूच्या बांधावर गोणपाट पांघरून एक म्हातारे बसले होते, शेजारी पिशवीत खेकडे वळवळत होते. खेकडे आमच्या बांध्यांतही निघतात, त्यामुळे बोलणं तिथूनच सुरू झालं. ते करावे गावचे आगरी शेतकरी. याच जागेवर त्यांची भातशेती होती. मोठेबाबांनी त्यांना सरळच विचारलं, "काल सुका होता, आज भरला. हे का भानगड आहे?"

म्हातारे हसले. "दर्याला भरती आली का त्या बांधातलं दार आपोआप बंद व्हतं. खारं पानी आत येत नाय, पावसाचं पानी हितं थांबतं. ओहोटी लागली का दार उघडतं, सगला पानी खाडीत. तलाव रिकामा नसंल त पुढच्या पावसाचं पानी घरात शिरंल."

मग त्यांनी सांगितलं की ही काही कुणा इंजिनिअरची एकट्याची अक्कल नव्हे. त्यांच्या आज्याच्या शेतालाही खाडीकडून असाच बांध होता आणि त्या बांधात असंच दार. त्याला ते उघाडी म्हणायचे. भात खाऱ्या पाण्यापासून वाचवायची रीत होती, तीच शहराने मोठी करून घेतली. जमीन गेल्याचं दुःख त्यांनी लपवलं नाही, पण उघाडीचं नाव घेताना आवाजात मालकी होती.

मोठेबाबांना सगळं कळलं. आमच्या तलावालाही दार असतं, तुडुम म्हणतात त्याला, पण ते पाणी अडवून धरायला. तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते उठणार नव्हते. आम्ही ओहोटीची वाट पाहत बसलो. मी वडापाव आणून दिला, तो त्यांनी खेकडेवाल्या बाबांबरोबर वाटून खाल्ला. दोघे धानाच्या जातींवर बोलत राहिले, एक आमच्या झाडीबोलीत, दुसरा आगरीत, आणि कुणाचं काही अडलं नाही. दुपार कलली तशी पाण्याखालची एक दगडी पायरी वर आली, मग दुसरी. खाडीच्या दारातून पाणी खळखळत बाहेर पडू लागलं आणि चिखलावर पहिला बगळा उतरला.

"आपण पाणी राखतो," मोठेबाबा म्हणाले, "हे लोक जागा राखून राहिले."

मला वाटलं, जमलं. मी विचारलं, मग तलाव पास ना? ते म्हणाले, पास. पण उठेनात. खेकडेवाले बाबा घरी गेले, तरी ते पाण्याकडेच पाहत होते. मी पुन्हा विचारलं, मग आता काय राहिलं?

"आता काही नाही राहिलं, तेच तर. तलावाचा बहाना होता, तोबी सरला." थोडं थांबून म्हणाले, "तुह्या घरी मी सायकलनं येतो. तुह्या एका आत्याले अर्जुनी मोरगावले दिली, एकीले देवरीले. सकाळी एसटीनं गेलो का संध्याकाळी वापस. हे पोरगी लय दूर जाऊन राहिली, संध्या. टेंभऱ्याची बायको वर्षभर रडली म्हणते. आपली रडली त मी कसा येऊ?"

माझे डोळे भरून आले. या माणसाला मी रात्रभर मनातल्या मनात हेकट म्हणत होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आपले पूर्वज तरी माळव्यातून इतक्या दूर आलेच ना, मोठेबाबा. ही गोष्ट आम्हाला लहानपणी त्यांनीच हजारदा सांगितली होती, बैलगाड्या आणि वैनगंगेसकट.



"आले. पण त्या बायांच्या मांगं घर पाहायले कोणी आलं नसन." त्यांनी छत्री उचलली. "मी आलो. चाल, भूक लागली."

त्या संध्याकाळी मोठेबाबा टेंभऱ्यांकडे जेवले. दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा वरण मागितलं. टेंभरेकाकू स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या. मी बाल्कनीत जाऊन वर्षाला फोन लावला आणि फक्त सांगितलं, जेवतायत.

तिसऱ्या दिवशी वाशीचा खाडीपूल आणि तिथला घाऊक बाजार पाहिला. बाजारात आपल्याकडच्या तांदळाची पोती दिसली तेव्हा मोठेबाबांनी त्यातले दाणे तळहातावर घेऊन दाताखाली फोडून पाहिले आणि वाळवण कमी असल्याचा निकाल दिला. संध्याकाळी कल्याणला येऊन परतीची गाडी धरली. जायचं असेल तर पावसाळ्यात जा, तीन दिवस पुरतात, आणि तळी भरती-ओहोटी दोन्ही वेळा पाहा. एकदाच पाहाल तर आमच्यासारखी फजिती होईल.

लग्न त्याच वर्षी धान निघाल्यावर झालं. त्यानंतरचा हा दुसरा पावसाळा. प्रवासातून आणलेल्या वस्तू कुठे गेल्या ठाऊक नाही, पण त्या शहराची एक गोष्ट आमच्या ओसरीवर कायमची राहिली. मोठेबाबा रोज सकाळी वर्षाला फोन करतात. खुशाली विचारायची त्यांना सवय नाही, आणि ती रडते का हे विचारायची हिंमत नाही. ते विचारतात, "तलाव भरला का उतरला?"

पहिल्या पावसाळ्यात वर्षा पलंगावरूनच काहीतरी ठोकून द्यायची. एकदा मोठेबाबांनी चूक पकडली. आदल्या दिवशी याच वेळी उतरला होता, तर आज काठोकाठ कसा, ओहोटी रोज थोडी थोडीच सरकते, असं म्हणाले. तेव्हापासून ती फोन घेऊन खरोखर तळ्यावर जाते. परवा मी माहेरी होते. फोन चालू होता आणि मोठेबाबा नुसते ऐकत होते. मी खुणेने विचारलं, काय म्हणते? त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, आणि फोन माझ्या कानाला लावला. दारातून पाणी खाडीत पडत होतं, आणि वर्षा मध्येच कुणाशी तरी हसत होती.