मोटरचं स्टेज आणि नाखवा

"पानी झोपू दे, बाय."

काचेची ताटली मायक्रोस्कोपखाली ठेवली की तो दोन्ही हात मांडीवर घेऊन बसायचा आणि हे म्हणायचा. मग आम्ही पाणी झोपायची वाट पाहायचो. मी केंद्राची प्रमुख, नावामागे डॉक्टर, खुर्चीला पाठ टेकायला वेगळी उशी. तो रोजंदारीवरचा मदतनीस, आठवीपर्यंत शिकलेला. पण थांबायचं किती, हे तो ठरवायचा.

थळच्या पुढे, समुद्राला लागून आमचं मत्स्यसंशोधनाचं छोटं केंद्र होतं. दर आठवड्याला होडी जाई, बारीक जाळीत अडकेल ते थोड्या पाण्यात येई, आणि त्यात माशांची अंडी किती, कुठल्या माशाची, हे ती जिवंत असतानाच मोजायचं असे. अंडी मोहरीहून लहान आणि पाण्यासारखीच पारदर्शक. मला एकेक ओळखायला पुस्तक उघडावं लागे. तो नुसता डोळा लावून म्हणे, "ह्यो बांगडा. ही मांदेली. आन ह्यो बुडबुडा हाय, बाय, त्याला मोजू नका." सगळे त्याला नाखवा म्हणत. नाखवा म्हणजे होडीचा मालक. होडी त्याच्या आजाची होती, ती आजाबरोबरच गेली. हाक तेवढी टिकली होती.

त्याला एकच गोष्ट हवी होती, कायम नोकरीचा कागद. अकरा वर्षं तो रोजंदारीवर होता आणि पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडणार होता. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. "बायको म्हावरं वाहून थकली," तो म्हणायचा. "कागद आला का तिला घरी बसवतो." त्याचा प्रस्ताव मी स्वतः लिहिला, जोरदार शिफारस केली. तेवढं माझ्या बाजूने लिहून घ्या, कारण पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

त्याच वर्षी नवा मायक्रोस्कोप घ्यायचं ठरलं. आता त्या वेळची मी तुम्हाला दाखवते. पंचेचाळिशीची बाई, काखेत चार कंपन्यांची माहितीपत्रकं, आणि चालण्यात असा तोरा की लेन्सचा शोध जणू हिच्या माहेरी लागला.

ताटली ज्या पाटावर ठेवतात त्याला स्टेज म्हणतात. आमच्या जुन्या मायक्रोस्कोपचं स्टेज हाताने चकती फिरवून सरकवावं लागे. नव्याचं मोटरवर सरकणार, फोकस आपोआप लागणार आणि शेजारचा संगणक अंडी मोजणार. माहितीपत्रकांत स्टेजचे वेग दिले होते. मी सगळ्यात मोठ्या आकड्याखाली लाल रेघ मारली. जसं काही मला त्या स्टेजवर बसून पनवेल गाठायचं होतं.

नाखव्याने विचारलं, "सगल्यात हलू किती चालतं, ते लिवलंय काय?"

"हळू चालायला मोटर कशाला घ्यायची, नाखवा?"

"धक्क्याला लागताना होडीचं इंजिन बारीक करत्यात, बाय. फुल्ल सोडून कोन येतो?"

मी हसले. यंत्र दाखवायला आलेला कंपनीचा माणूसही हसला, कारण मी हसले होते. त्याने प्रात्यक्षिक दाखवलं ते कांद्याच्या पापुद्र्याच्या तयार काचपट्टीवर. सुकी, चपटी, वरून काच चिकटवलेली. स्टेज सुर्रकन सरकलं, फोकस टक्कन लागला. नाखव्याने आपली ताटली पुढे केली, खाऱ्या पाण्याने भरलेली. "याच्यावर दावा की, सायेब."

मी सर्वांदेखत म्हटलं, "नाखवा, चहाचं बघा जरा."

तो चहाचं बघायला गेला. चहा चांगला झाला होता, हेही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी दोन गोष्टी सुचवल्या. ताटली घट्ट बसेल असं एक कडं घ्या, आणि खताच्या कारखान्याचा ट्रक रस्त्याने गेला तरी थरथरणार नाही असं जड टेबल घ्या. मी यादीतून दोन्ही खोडलं आणि त्याऐवजी कॅमेरा मोठा घेतला.

खरेदीच्या अर्जात एक रकाना होता: या यंत्रामुळे काय वाचेल? मी इंग्रजीत लिहिलं की हे यंत्र आल्यावर हाताने अंडी मोजणाऱ्या माणसाची गरज उरणार नाही. वाक्य मोठं डौलदार झालं होतं. मी ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवशी एकाच लखोट्यातून दोन फायली मुख्य कार्यालयात गेल्या. एकीत, नाखव्याला कायम करा. दुसरीत, नाखव्याची गरज नाही. दोन्हींवर सही माझी. लखोटा पोस्टात टाकायला नाखवाच गेला.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, तिला इतकं कळू नये? नाही कळलं. सकाळी एक फाईल लिहिली, दुपारी दुसरी. मधे जेवले.

यंत्र आलं. पहिल्याच दिवशी स्टेज झटक्यात सरकलं, ताटलीतलं पाणी हिंदकळलं आणि अंडी सगळी एका कडेला गेली. आपोआप फोकसने ताटलीचा तळ धरला. अंडी वर तरंगत होती, ती धुक्यात. तळावरचा ओरखडा मात्र इतका सुरेख दिसत होता की फोटो काढून भिंतीवर लावावा. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, सुकी पट्टी वापरा."

नाखवा आठ दिवस त्या यंत्रापाशी बसला. वेग अगदी तळाला आणला. जाळं तरंगवणाऱ्या जुन्या बुचातून कडं कापून त्यात ताटली बसवली. आपोआप फोकस बंद करून चकतीवर स्वतःचं बोट ठेवलं. यंत्र चालायला लागलं. तो मला म्हणाला, "वंगाल न्हाय, बाय. नवीन हाय, शिकंल."

मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. इंग्रजीत. तो हात धुऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. प्रस्ताव नामंजूर होता, आणि कारण म्हणून माझंच वाक्य होतं, एक शब्द न बदलता, अवतरणचिन्हांत, खाली माझ्या अर्जाचा क्रमांक.

"काय म्हनतात?"

"जागा मंजूर झाली नाही, नाखवा."

"कारन काय दिलंय?"

"कारण दिलेलं नाही."

त्याने पत्र मागितलं. ह्याला कुठे इंग्रजी येतं, असं मनात म्हणून मी ते दिलं. त्याने चार घड्या करून खिशात ठेवलं.

मला एक पत्र लिहिता आलं असतं. ते वाक्य चुकीचं आहे, हे यंत्र या माणसाशिवाय चालत नाही, एवढंच. पण तसं लिहिलं असतं तर एवढं महागाचं यंत्र मी चुकीचं निवडलं हे माझ्याच हाताने कबूल झालं असतं. मी तीन दिवस मसुदा केला आणि चौथ्या दिवशी फाडला. तो महिनाअखेरपर्यंत वेळेवर आला. स्टेजचा वेग किती ठेवायचा ते खडूने भिंतीवर लिहिलं, कडं धुऊन खिडकीत वाळत ठेवलं आणि गेला.

पुढे केंद्रात ती भिंत रंगवली. वेगाचा आकडा गेला, स्टेज पुन्हा झटक्यात सरकू लागलं, हिंदकळत्या पाण्यातले बुडबुडेही संगणक अंडी म्हणून मोजू लागला आणि आमच्या अहवालात मासळी भरभरून वाढली. समुद्रात होड्या रिकाम्या परतत होत्या. मुख्य कार्यालयाने माझं अभिनंदन केलं. मी आभाराचं उत्तर पाठवलं, इंग्रजीतच.

निवृत्त होऊन बरीच वर्षं गेल्यावर, नातवंडांची आजी झाल्यावर, मला धीर आला. गेल्या हिवाळ्यात मी थळच्या कोळीवाड्यात त्याचं घर विचारत गेले. खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्याची बायको वाळवणाच्या खळ्यावर जवळा उलथत होती. मी नाव सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"ते नाय आता. दोन वर्सं झाली."

मी काहीतरी पुटपुटले. मग म्हटलं, "तेव्हा एक पत्र आलं होतं, नोकरीचं. त्यात..."

"ठावं हाय. त्याच दिशी पोरीकडून वाचून घेतलं व्हतं त्यांनी."

त्याच दिवशी. म्हणजे महिनाअखेरपर्यंत तो रोज माझ्यासमोर आला, ते सगळं माहीत असून.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

तिने जवळ्यातला एक शिंपला वेचून बाहेर टाकला.

"म्हनले, बायनी इंग्रजी लय सुंदर लिवलंय."

आणि ती पुढचा पट्टा उलथायला सरकली. मला बसा म्हणाली नाही.