देवाचा पत्रा

पिंपळदऱ्यात नानखटाई करायची म्हटलं की भट्टी एकच, चंद्रभान चर्जनची. जात माळ्याची, आजानं जन्मभर वांगी-कोथिंबीर विकली आणि नातू पाव भाजतो, हे ऐकून बाहेरगावचा माणूस हसतो. हसू द्या. त्याला गाव माहीत नाही.

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की वाटेत लागणारं हे गाव उभं राहिलं तेच मुळी मिशनच्या दवाखान्यामुळे. दवाखाना आला, त्याच्यामागे चर्च आलं, आणि चर्चच्या भिंतीला टेकून दुकानं आली. आधी शिंपी, मग सायकलवाला, मग चहावाला. चंद्रभानचा आजा डोमाजी दवाखान्यात भाजी पोचवायचा. रोग्यांना पाव लागे. तो अमरावतीहून यायचा आणि येईस्तोवर त्याची वीट झालेली असायची. दवाखान्याची मोठी मडम वैतागली आणि डोमाजीला म्हणाली, उद्यापासून तूच भाज. शिकवलंही तिनंच. दवाखाना कधीचा बंद पडला, मडम आपल्या मुलखात जाऊन वारली, शिंप्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. भट्टी मात्र पेटती राहिली.

आता हा चंद्रभान मुळातच भित्रा माणूस, बाप्पा! कडी लावली तरी परत उठून पाहणार. पोरगी माहेरी यायला निघाली की एसटी स्टँडवर येईपर्यंत याच्या घशाखाली घास उतरत नाही. भट्टीवर तर विचारूच नका. मैदा हातात घेऊन हुंगणार, डालडा जिभेवर ठेवणार, पाण्याच्या टाकीत डोकं घालून पाहणार. बायको मैनाबाई चिडवायची, "साऱ्या गावाचं पोट तुमच्याच अंगात हाये का हो?" तो म्हणायचा, "लोक डोये मिटून खातात आपलं. मंग डोये कोनं उघडे ठेवा?" आणि खरंच, तीन पिढ्यांत त्या भट्टीचं खाऊन कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. चंद्रभानजवळ अभिमान धरावा असं दुसरं काही नव्हतं, आणि त्याला लागतही नव्हतं.

नाताळ आला की गावातल्या बाया घरी पीठ मळून, गोळे थापून, पत्र्यावर मांडून भट्टीवर आणतात. भट्टीतल्या ट्रेला आमच्याकडे पत्राच म्हणतात. ख्रिस्ती घरं तर आणतातच, पण माळ्याच्या, कुणब्याच्या, मोमीनपुऱ्यातल्या बायाही आणतात, कारण भट्टी रोज कुठे इतकी तापते? ज्याचा पत्रा त्याची खूण. कुणी कोपऱ्यात चुन्याचं बोट लावतं, कुणी दोरा बांधतं, कुणी शेवटच्या गोळ्यात लवंग टोचतं. आणि ज्या पत्र्यावर कसलीच खूण नाही, तो देवाचा. येणारी-जाणारी प्रत्येक बाई आपल्यातले एक-दोन गोळे त्याच्यावर ठेवते. तो भरला की चंद्रभान भाजतो, आणि नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी चर्चमध्ये लेकरांचा कार्यक्रम असतो तिथे तो वाटला जातो. लेकरं सगळ्या गावाची असतात. ही पद्धत कुणी पाडली यावर अजून भांडणं होतात. चर्चवाले म्हणतात डोमाजीनं, चर्जन म्हणतात मडमेनं.

गेल्याच्या गेल्या नाताळची गोष्ट. त्या साली उंदरांनी उच्छाद मांडला होता. शेतं मोकळी झाली की ते गावात शिरतातच, पण तेव्हा मैद्याचं एक पोतं धड राहिलं नाही. औषध पावात घालून ठेवलं तर मेल्यांनी हुंगलंसुद्धा नाही. मैनाबाईला राग आला. नाताळच्या आदल्या सकाळी तिनं नानखटाईचंच पीठ घेतलं, डालडा-साखरेसकट, त्यात उंदराचं औषध मळलं, छान गोळे थापले आणि एका जुन्या पत्र्यावर मांडले. रात्री पोत्यांमागे ठेवायचे म्हणून कोठीत न्यायला ती निघाली. तेवढ्यात शेजारची पार्बताबाई आंगणात घसरून पडल्याचा ओरडा झाला. पार्बताबाई म्हणजे चर्चच्या मागच्या चाळीतली म्हातारी, मैनाबाईला लेकीसारखं मानणारी. मैनाबाईनं हातातला पत्रा होता तसा भट्टीपुढच्या ओट्यावर टेकवला आणि धावली. म्हातारीला ऑटोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेली ती गेलीच.

ओट्यावर पत्रा. त्याच्यावर थोडेसे गोळे. देवाचा पत्रा त्या दिवशी अजून मांडायचाच होता. खूण नाही.

पुढचं सांगायला पाहिजे का? पहिली बाई आली, तिनं आपले दोन गोळे त्यावर ठेवले. दुसरीनं ठेवले. दुपारपर्यंत पत्रा गच्च भरला. चंद्रभाननं रोजच्यासारखा मैदा हुंगला, डालडा चाखला, पाणी पाहिलं. देवाच्या पत्र्याला कोण हुंगतं? त्यानं तो आत सरकवला, नीट बदामी रंगावर भाजला, आणि चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणारी वर्षाली टीचर आली तेव्हा तिच्या डब्यात स्वतःच्या हातानं भरून दिला. त्याची नात खुशी टीचरचं बोट धरून उड्या मारत गेली. तिला कार्यक्रमात मेंढपाळ केलं होतं. डोक्याला आबाचाच खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळला होता.

मैनाबाई परतली तेव्हा भट्टी निवत आली होती. ओट्याकडे पाहून ती म्हणाली, "काहो, माहा पत्रा कुठी गेला?"

"कोनता पत्रा?"

"जुना. उंदराचा. इथीसा ठेवला होता म्या."

चंद्रभानला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यानं नुसतं चर्चच्या दिशेला बोट केलं. मैनाबाईनं त्या बोटाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून मटकन खाली बसली.

तो धावला. गुडघे गेलेला माणूस, अंगात बनियन, अनवाणी. सायकलवाल्यानं हाक मारली, "काय झालं गा, चंद्रभान?" आणि या माणसाच्या तोंडून काय निघावं? "काही नाही." चहावाल्यानं विचारलं, त्यालाही "काही नाही." तोंड आपोआप तेच बोलत होतं. कारण धावता धावता डोक्यात दोन भीती भांडत होत्या. एक लेकरांची. आणि दुसरी, सांगायला लाज वाटते, भट्टीची. जहर हा शब्द एकदा तोंडातून गेला की डोमाजीपासूनचं सगळं संपलं. त्यानं ठरवूनसुद्धा टाकलं होतं की कच्ची राहिली म्हणायचं. पोट दुखेल म्हणायचं. डबा गुपचूप उचलून आणायचा. कुणाला कळणार आहे?

चर्चच्या दारात पोचला आणि त्यानं आधी डब्याकडे पाहिलं. डबा रिकामा होता. लेकरांच्या हातात नानखटाई होती, काहींच्या खिशात होती, काही नुसती कडेची साखर चाटत होती. चर्चचे पाळकसाहेब समोर उभे राहून आभार मानत होते, आणि त्यात चंद्रभान चर्जनच्या घराण्याचंही नाव घेत होते. पुढच्याच रांगेत खुशी बसली होती. तिचे गाल हलत होते.

कच्ची राहिली म्हटलं तर? पोट्टे कच्ची नानखटाई सोडतात होय? खिशात ठेवून घरी नेतील, रात्री लहान भावाला देतील. एका क्षणात हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मग हा कडी पुन्हा पुन्हा पाहणारा माणूस त्या चर्चमध्ये असा ओरडला की भिंतीवरची कबुतरं उडाली.

"खाऊ नोका! कोनी खाऊ नोका! जहर हाये त्यात! थुका, थुका रे!"

कुणाला खरंच वाटेना. एक-दोघं हसलीसुद्धा. तोवर तो खुशीपाशी पोचला होता आणि तिच्या तोंडात बोट घालत होता. पोर घाबरून रडायला लागली. तिचं रडणं ऐकल्यावर सगळ्यांना कळलं. मग जी धांदल उडाली! आया बाकांवरून उड्या टाकत आल्या. वर्षाली टीचरनं मिठाचं पाणी करून एकेकाला पाजलं, एकेकाचे खिसे उलटे केले. पाळकसाहेब बाकांखाली रांगत तुकडे वेचत होते. ज्यांनी घास गिळला होता त्यांना जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. कुणाच्या गोळ्यात जहर आणि कुणाच्या नाही, ते सांगणं कुणाच्याच हातात नव्हतं. सगळे गोळे सारखेच सुरेख दिसत होते.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर चंद्रभान आणि मैनाबाई बसून राहिले. आतून एखादं लेकरू ओकलं की दोघं एकदमच उठायचे, आणि कुणी आत घेत नाही म्हणून पुन्हा बसायचे.

"म्या मारले लेकरं," मैनाबाई म्हणाली.

"भाजले म्या," तो म्हणाला. "तू नोको बोलू."

बाया जवळून जात होत्या. कुणी शिवी दिली नाही. चंद्रभानला वाटत होतं, द्यावी. एखादीनं चप्पल काढून मारावी. कान तरी दुसरं काही ऐकतील. पार्बताबाई हाताला प्लास्टर घातलेली, तशीच आली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. ती प्रार्थना पुटपुटत होती आणि मधेच थांबून म्हणत होती, "मी पडलीच नसती तं बरं झालं असतं व माय."

सकाळी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, पोरं चहा-पोळी मागताहेत, घेऊन जा. मैनाबाई त्यांच्या पाया पडायला गेली तर त्यांनी पाय मागे घेतले. खुशी दुपट्टा हातात घेऊन आली आणि रुसून बसली, कारण आबानं सगळ्यांसमोर तिच्या तोंडात बोट घातलं होतं.

निभावलं म्हणायचं. पण त्याच सकाळी चर्चमागच्या कडुनिंबाखाली दोन कावळे पाय वर करून पडलेले सापडले. कुठल्या तरी पोरानं घाबरून हातातली नानखटाई खिडकीतून भिरकावली होती. चंद्रभाननं ते कावळे पाहिले आणि घरी येऊन भट्टीच्या तोंडाला विटा लावल्या. पोलीस आले, जबाब घेऊन गेले. चूक होती, सगळ्या गावानं तसंच सांगितलं. पण याला कोण समजावणार? उन्हाळा गेला, पावसाळा सरत आला, गावानं परतवाड्याचे पाव खाल्ले आणि तोंडं वाकडी केली. शेवटी पोळा झाल्यावर बायाच जमून आल्या. पार्बताबाईनं धड हातानं पहिली वीट काढली.

पुढचा नाताळ आला. बाया पत्रे घेऊन आल्या, चुना, दोरा, लवंग, सगळं तसंच. त्याला वाटलं होतं, देवाच्या पत्र्यावर आता कुणी काही ठेवणार नाही. मनातून त्याला तेच हवं होतं. पण पत्रा इतका भरला की दुसरा घ्यावा लागला. प्रत्येकीनं त्याच्या देखत गोळा ठेवला आणि निघून गेली.

त्यानं प्रत्येक गोळा हुंगला. भाजल्यावर प्रत्येकातला कण मोडून आधी स्वतः खाल्ला आणि बराच वेळ बसून राहिला. मग डबा कुणाच्याही हाती न देता स्वतः चर्चमध्ये घेऊन गेला. लेकरांनी दोन्ही हात पुढे केले. कुणी विचारलं नाही, कुणी थबकलं नाही. आदल्या वर्षी ज्यांना मिठाचं पाणी पाजलं तेच पोट्टे दुसऱ्यांदा मागायला आले. खुशी तर दोन्ही गाल भरून हसत होती.

सगळं पांगलं. पाळकसाहेबांनी दिवे मालवायला घेतले तरी चंद्रभान दारातच उभा. कोण कोणत्या गल्लीत गेलं ते पाहत होता, कान देऊन ऐकत होता.

"चंद्रभानजी, झालं ना आता," पाळकसाहेब म्हणाले. "घरी जा. सगळे आनंदानं खाऊन गेले."

"जातो," तो म्हणाला. "सकाळ होऊ द्या."