तळ्याकाठचे गोठे आणि डॉ. कमलाबाई

डॉ. कमलाबाई घाटगे यांची माझी पहिली भेट आमच्या दूध संघाच्या कचेरीत झाली. मी नोकरी मागायला गेलो होतो. दहावी अर्धवट सुटलेली, म्हणून दाराशीच घुटमळत होतो. अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी माझा अर्ज वाचला आणि विचारले, "लिहिलेलं परत वाचून पाहतोस का रे?"

"दोन-तीनदा पाहतो, अक्का. तरी धाकधूक राहते."

"राहू दे. सोमवारपासून ये."

तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली कारकून आहे. यंदा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

तंजावूरच्या राजवाड्यामागे राहणाऱ्या मराठी घरातल्या कमलाबाई पशुवैद्य झाल्या आणि ओरत्तनाडूच्या बाजूची गावे त्यांनी स्कूटरवरून पालथी घातली. गाय तपासायला गेल्या की त्या आधी विचारत, "मालक कोण ते नंतर सांगा, धार कोण काढतं?" मग त्या बाईला पुढे बोलावून गायीची हकिकत तिच्याकडूनच ऐकून घेत. आजही त्यांची ही पद्धत बदललेली नाही.

पण मला लिहायचे आहे ते गेल्या वर्षीचे. आमच्या भागात पक्ष्यांसाठी राखलेले एक तळे आहे. गोठ्यात शेण आणि मूत एकत्र साचले की नाकाला झोंबणारा वायू सुटतो. तो काठच्या झाडांवर आणि पाण्यावर उतरतो, शेवाळ माजते. वन खात्याने काठच्या गोठ्यांना बजावले की हा वायू कमी करा, नाहीतर गोठे हलवा. उपाय कमलाबाईंनीच सांगितला: उताराची फरशी, मुताला वेगळी नाली आणि शेणाला झाकलेली टाकी. प्रश्न खर्चाचा होता. दोन गायींवर घर चालवणारी सेल्वी कचेरीत येऊन म्हणाली, "डॉक्टरम्मा, फरशी घालायला दोन्ही गायी विकाव्या लागतील. मग त्या फरशीवर उभी कोणाला करू?"

कमलाबाईंनी सर्वसाधारण सभेपुढे ठराव ठेवला: सगळ्याच सभासदांच्या दिवाळी बोनसमधून थोडा भाग काढून काठचे गोठे सुधारावेत. सभा उसळली. "वास त्यांचा, भुर्दंड आमचा?" असे लांबच्या गावचे सभासद ओरडू लागले. मागून कोणीतरी टोमणा मारला, "अध्यक्षीणबाईंचा गोठाही काठालाच आहे म्हणे!"

हशा पिकला. ते खरेच होते. मला तर मान वर करवेना. कमलाबाई उठल्या. "आहे. माझ्या गोठ्याला या पैशातलं काही नको. गोठा मी बंद करते. आता काठच्या बाकीच्यांचं बोला. दूध सगळ्यांचं एकाच टाकीत जातं, तेव्हा कोणी वेगळा वास घेतो का?" मतदान पुढच्या सभेवर गेले.

गायी न्यायला टेंपो आला, त्या दिवशी मी तिथे होतो. कमलाबाई नव्या मालकाला एकेक गाय समजावून देत होत्या: "ही डाव्या बाजूनं धार काढू देत नाही. हिला पेंड भिजवूनच लागते. आणि ही लाथ मारेल, पण मनात काही ठेवत नाही." माझे डोळे भरलेले पाहून म्हणाल्या, "अरे, रडतोस काय? खर्च होणारच होता. कोणाला झेपतो, एवढंच पाहायचं."

पुढच्या सभेत ठराव मंजूर झाला. एकमताने नाही, काहीजण अजूनही आमच्याशी बोलत नाहीत. पहिली फरशी सेल्वीच्या गोठ्यात घालायची ठरली आणि देखरेख माझ्याकडे आली; माझ्या हातून काही चुकेल या भीतीने मी ते काम पुन्हापुन्हा बघायला जात होतो. कमलाबाई मला रागे भरल्या नाहीत. त्यांनी छत्री दिली आणि घरून इडल्या बांधून पाठवल्या. सेल्वीच्या दोन्ही गायी आता त्या फरशीवर उभ्या आहेत.

काठचे निम्मे गोठे अजून व्हायचे आहेत, आणि ते अडवू पाहणारेही आहेत. कमलाबाई, तुमचे गुडघे दुखतात हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून धावपळ आम्ही करू. तुम्ही ठणठणीत राहा, पुष्कळ वर्षे राहा, आणि पुढच्या सभेतही अध्यक्षांच्या खुर्चीवर तुम्हीच असा. शेवटचा गोठा झाल्याशिवाय आम्ही तुम्हाला उठू देणार नाही.