न दिलेलं इंजेक्शन
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की ढोकी गावच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. काविळीच्या विषाणूनं वडिलांचं यकृत पोखरलं होतं, आणि तोच विषाणू पेशीत शिरण्याआधी अडवणारं पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचं, इंजेक्शन मी पुण्याच्या प्रयोगशाळेत तयार करत होते. थोरल्या भावानं माझं मनगट धरलं. “औषध तुझ्याच हातात हाय, मग आणत का न्हाईस?” “दादा, ते अजून माणसाला कुणी दिलेलं नाही.” “बापापरीस नियम मोठा व्हय?” खाटेवरून वडील म्हणाले, “सोड तिला. ती न्हाय म्हणती म्हंजे न्हाय.” महिन्याभरात ते गेले. पुढं चाचणीत त्या इंजेक्शनानंच उंदीर दगावले. दादा अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि उंदरांचं त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही.