पाहणीला आलेल्या बाई

समाजसेवा हा शब्द ऐकला की माझ्या तोंडाची चव जाते. लोक म्हणतात, अगं, अशाच एका संस्थेमुळे तुझी बहीण शिकली, नर्स झाली. झाली ना, मी कुठे नाही म्हणते? पण त्याबदल्यात आमच्याकडून काय घेतलं, ते संस्थेने कुठे छापलेलं नाही, म्हणून मी सांगते.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही चिंचवडला राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, नगरकडून आलेले. पिंपरीला एक नवा कारखाना उभा राहत होता, तिथे मजुरी करायचे. ताई सातवी पास झाली आणि पुढे शिकायचंच म्हणून हटून बसली. पुण्यात ठेवून तिला शिकवायची आमची ऐपत नव्हती. तिथे एका संस्थेचं गरजू मुलींसाठी वसतिगृह होतं. राहणं, जेवण, शाळा, सगळं फुकट. अर्ज केला, आणि घराची पाहणी करायला बाई येणार असा निरोप आला.

घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्यासारखी माणसं जे करतात, तेच आईने केलं. जमीन सारवली. एका शेजारणीकडून पितळेची घागर आणली, दुसरीकडून सतरंजी, तिसरीकडून कपबश्या. नाकात मावशीची नथ घातली आणि उसन्या तुपातला शिरा केला. बाईंनी तो दोनदा मागून घेतला. मग घरभर नजर फिरवत म्हणाल्या, "छान चाललंय की तुमचं." आईला वाटलं, कौतुक झालं. सगळ्या आळीत सांगत सुटली ती. पुढच्या आठवड्यात नकार आला. मदत फक्त खऱ्या गरजूंसाठी असते म्हणे. शिरा मात्र यांना चालला.

ताई दोन दिवस अन्नाला शिवली नाही. आत्या एक स्थळ घेऊन आली होती. आबांनी तिला कसंबसं थोपवलं. पुढच्या वर्षीही जागा मिळाली नाही तर ताईचं लग्न, हे मात्र ठरूनच गेलं.

पुढच्या वर्षी एका शेजारणीने आईला शहाणं केलं. तिची भाची त्याच वसतिगृहात होती. "बाप कमावता हाय म्हनलं की घेत न्हाईत," ती म्हणाली. "बापच न्हाई म्हनून सांग."

"कुंकू पुसू व्हय मी?" आई कडाडली.

शेवटी त्यातून तोड निघाली. मेला म्हणायचं नाही, टाकून गेला म्हणायचं.

या वेळी बाई दुसऱ्या होत्या. आईने बरी भांडी शेजारी हलवली, फाटकं लुगडं नेसलं आणि बाईंना पोत्यावर बसवलं. आबा शेजारच्या खोलीत जाऊन बसले. मधे नुसती कुडाची भिंत.

"नवरा?" बाईंनी विचारलं.

"गेला टाकून. कुठं हाय, ठावं न्हाई."

"पैसे वगैरे पाठवतो?"

"काय बी न्हाई. पहिल्यापास्नं तसलाच त्यो."

हे शेवटचं वाक्य आईला कुणी पढवलं नव्हतं. बाईंचा चेहरा बघून तिला ते सुचलं. बाई हळहळल्या, ताईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि जाताना चांगल्याच समाधानात दिसल्या. भिंतीपलीकडून आबांचा साधा खोकलाही ऐकू आला नाही.

सरकारी शाळा पुरत नव्हत्या म्हणून लोक असल्या दारांत उभे राहायचे, हे मलाही कळतं. पण गरिबाने किती नागडं व्हायचं, ते ठरवायचा अधिकार यांना कुणी दिला? मला आजही संताप येतो.

ताईला जागा मिळाली. निघायच्या दिवशी आई आबांना म्हणाली, "तुमी नगा जाऊ."

"मग ट्रंक कोन उचलंल?" आबा म्हणाले आणि धुतलेला सदरा घालून तयार झाले. हट्ट करून मीही बरोबर गेले.

वसतिगृहाच्या फाटकाशी त्याच बाई उभ्या होत्या. त्यांनी ताईला जवळ घेतलं, मला ओळखलं, आणि मग आबांकडे बघून विचारलं, "हे कोण गं?"

आबांनी डोक्यावरची ट्रंक उतरवून खाली ठेवली.

"हमाल हाय जी," ते म्हणाले.

बाईंनी पर्स उघडून त्यांच्या हातावर एक आणा ठेवला. आबांनी तो कपाळाला लावला आणि ताईकडे न बघता माघारी वळले. मी मागून धावले, पण ते पुढेच चालत राहिले. बाईंना आम्ही दिसेनासे होईपर्यंत त्यांनी माझा हात धरला नाही.