जोडव्याचं बोट

माझी मावसबहीण अहल्या होसकोटेच्या एका कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. शर्टाच्या कॉलरी चिकटवायच्या गरम प्रेसमध्ये तिचा उजवा अंगठा गेला. तोही असा भाजून-चिरडून, की परत जोडण्यासारखं काही उरलंच नाही. अंगठ्याशिवाय ना कात्री धरता येते ना सुई. तरी ही बाई मला धीर देत होती. किळस मला आली ती पुढे, तिच्या घरच्यांची.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. पायाचं दुसरं बोट काढून अंगठ्याच्या जागी बसवायचं. डाव्या अंगठ्यावरून त्यांनी संगणकावर उजवा तयार केला, प्लास्टिकमध्ये छापून घेतला आणि पायाचं हाड कुठे कापायचं ते त्या मापाने आधीच ठरवलं.

सासू सरस्वतीबाई कडाडल्या, "नवरा जिवंत असताना जोडव्याचं बोट कापून घेतात का गे?" नवरा, मोहनकुमार, शेजारीच मोबाइल बघत बसला होता. वर मान केली नाही मेल्याने. अहल्येची मुलगी विद्याश्री तेवढी आजीवर तुटून पडली आणि आईला ऑपरेशनला घेऊन गेली.

सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने, रक्तवाहिन्या आणि नसा शिवल्या गेल्या. शुद्धीवर आल्यावर अहल्या म्हणाली, "अक्का, माझ्याहून बारीक टाका घालणारं कोणीतरी भेटलं बघ." जोडवं शेजारच्या बोटात गेलं. मोहनकुमारला काही झालं नाही, अजून दोन्ही वेळ चापून जेवतो.

बोट जगलं. थोडं जाडसर, नख लहान, पण चिमटीत सुई धरायला लागलं. "नेलपॉलिश हाताचं लावू की पायाचं?" असं विचारून अहल्येने सगळ्या वॉर्डाला हसवलं होतं.

घरी मात्र ते पायाचं बोटच राहिलं. ती वाढायला आली की सासू ताट मागे ओढायची. "अन्नाला पाय लावू नको." स्वयंपाकघरात चुकून सासूला त्या अंगठ्याचा धक्का लागला तर, "पाय लागला, नमस्कार कर." आणि अहल्या करायची! सासूला हात लावून तो छातीशी न्यायची. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि अर्धा डोसा ताटात टाकून उठले. पाहुणे आले की हीच म्हातारी मोठ्या मानाने, "दाखव गे अहल्या, कसं हलतं ते," म्हणायची. मोहनकुमार व्हिडिओ काढायचा. शी!

मग विद्याश्रीचं लग्न ठरलं. अहल्येला एकच हवं होतं, लेकीला हळद आपल्या उजव्या हाताने लावायची. बाकी मानपान कोणीही घ्या, म्हणाली.

"नवऱ्या मुलीच्या तोंडाला पाय?" सरस्वतीबाईंनी कानांवर हात ठेवले. मी त्यांना नको ते बोलले. पाय देवाने दिलेला नाही का, आणि पायाच पडता ना सगळ्यांच्या, असं बरंच काही. अहल्येनेच मला आवरलं. "सोड अक्का. विद्या माझ्या बाजूने आहे, मग मला कोणाची भीती?"

हळदीच्या दिवशी बनशंकरीच्या हॉलमध्ये मी तिच्या शेजारीच उभी होते. अहल्येने वाटीत हात घालायच्या आत सरस्वतीबाईंनी केटररकडचा एक प्लास्टिकचा हातमोजा तिच्यापुढे धरला. "हा घाल. म्हणजे कोणाचंच काही म्हणणं नाही."

अहल्येने तो घेतला नाही. तिने लेकीकडे पाहिलं.

विद्याश्रीने आधी फोटोग्राफरकडे पाहिलं, मग मुलाकडच्या बायकांकडे. हळूच म्हणाली, "घाल ना अम्मा. सगळे बघतायत. दोन मिनिटांचं तर काम आहे."

त्या पोरीच्या मुस्कटात द्यावीशी वाटली मला.

"सरी, घालते," अहल्या म्हणाली. हातमोजा तिला नीट चढवता येईना, सासूनेच ओढून चढवला. अहल्येने लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली, फोटोग्राफर म्हणाला तशी पुन्हा एकदा लावली, आणि हातमोजा काढून केराच्या डब्यात टाकला.

पंगतीला माझ्या समोरच बसली होती. ओळीतल्या सगळ्या बायकांचे हात पिवळेधमक होते. नवरीच्या आईचा तेवढा स्वच्छ होता.