आण्णांचं पिच्चरमधलं मरण

पिच्चरचं खूळ लागलं माझ्या धाकट्या भावाला आणि निस्तरायला लागलं आम्हा सगळ्यांना. परभणीत एका लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या हाताखाली काही दिवस काढले, की झाला हा डायरेक्टर. मानवतला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिथं येऊन ग्राहकाच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, ताई, झॉम्बीचा पिच्चर काढायचाय, विनोदी. मी विचारलं, म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे, मेलेली माणसं उठून चालायला लागतात. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

गोष्ट मात्र त्यानं आपल्या मातीतली घेतली होती, एवढं मान्य करते. एका गावात कुणाच्याच दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही. मेलेल्यांच्या इच्छा राहिलेल्या. मग ते एकेक करून उठतात आणि इच्छा पुरी करायला गावात येतात. एकाला एसटीत खिडकीची जागा पाहिजे, एकाला रश्श्याचं जेवण, एकाला नुसतं सरपंचाच्या कानाखाली वाजवायचंय. गावातली पोरं ऐकून लोळली. शूटिंग आमच्याच गावात, मानवतपासून जीपनं थोडक्यात आहे तिथं. जुनी लुगडी आणि धोतरं फाडून मेलेल्यांचे कपडे करायचं काम माझ्याकडं आलं. चेहऱ्याला हळद आणि चुलीची राख, जखमांना कणीक, रक्ताला सरबताचा लाल रंग. त्या रंगावर इतक्या माश्या बसायच्या, की मेलेली माणसं दिवसभर तोंडापुढं हात हलवत बसलेली.

अडलं ते तिरडीपाशी. पहिला मेलेला तिरडीवरून उठतो असा सीन होता, आणि जित्या माणसानं तिरडीवर झोपायला गावात कुणी तयार होईना. शेवटी आमचे आण्णाच म्हणाले, मी झोपतो. पोराचं काम अडायला नको, एवढंच त्यांचं कारण. आईनं अबोला धरला. मीही बोलून घेतलं, की हा काय खेळ आहे का? पण आण्णांनी एकदा मान डोलावली म्हणजे विषय संपला. माझ्या लग्नाच्या वेळी तरी दुसरं काय केलं होतं त्यांनी?

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आण्णांना एकच बहीण, धाकटी, पूर्णेला दिलेली. आमच्याकडं भावाच्या पोरीवर बहिणीचा हक्क. मी जन्मले तेव्हाच आत्यानं मला तिच्या पोरासाठी धरून ठेवलं होतं. आण्णांनी ऐन वेळी नाही म्हटलं आणि मला मानवतला दिलं. का नाही म्हटलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला तर दोघांनीही विचारलं नव्हतं. आत्या भर बैठकीतून उठली, ओसरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुझ्या मातीलाच येते बघ." माती म्हणजे आमच्याकडं अंत्यविधी. तेव्हापासून ती आली नाही. राखी नाही, भाऊबीज नाही. आण्णा दर दिवाळीला साडी घेऊन ठेवायचे आणि आई ती पेटीत टाकायची. ते स्वतः कधी पूर्णेला गेले नाहीत. गेला असता तर पाय झिजले असते का, असं मी एकदा तोंडावर विचारलंय.

तर पिच्चरसाठी फाट्यावर लावायला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं फ्लेक्स पाहिजे होतं. भावानं आण्णांचा फेटा बांधलेला फोटो मानवतच्या फ्लेक्सवाल्याला मोबाइलवर पाठवला आणि खाली पिच्चरमधलं खोटं नाव लिहून दिलं. फ्लेक्सवाला आम्हाला तीन पिढ्या ओळखतो. त्यानं फोटो बघितला, नाव बघितलं आणि मनाशी म्हणाला असणार, दुःखात पोरगं नाव चुकलं. त्यानं नाव सुधारलं. एवढ्यावर थांबला असता तर तो आमच्या तालुक्यातला कसला? शोकाकुल म्हणून खाली आईचं, आमचं आणि आत्याचं नाव घातलं, तेही मानानं पहिल्या ओळीत. आणि रोजच्या रिवाजाप्रमाणं केलेलं काम आपल्या मोबाइलच्या स्टेटसला लावलं. तेवढीच त्याची जाहिरात होते. भावानं गुंडाळी तशीच आणली आणि पोरांना दिली. पोरांनी फाट्यावर बांधली. एकानंही वाचलं नाही, कारण फाट्यावर असलं एखादं फ्लेक्स कायमच असतं आणि ते वाचायची सवय आता कुणालाच राहिली नाही.

शूटिंगच्या वेळी आवाज नको म्हणून भावानं सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत जमा करून आमच्या घरात ठेवले होते. त्या टोपलीत सकाळपासून फोन किती थरथरले असतील देव जाणे. आई शेजारी जाऊन बसली होती, तिला पत्ता नाही.

वेशीजवळ सीन लागला. आण्णा तिरडीवर, अंगभर पांढरं, नाकात कापूस, तोंडाला मीच फासलेली हळद-राख. चौघांनी खांदा दिलेला. ठरलं असं होतं, की दोन बाया गळा काढणार आणि त्यांचा आवाज ऐकून आण्णा ताडकन उठून बसणार. कॅमेरा सुरू झाला. आणि बायांच्या आधीच फाट्याच्या बाजूनं हेल ऐकू आला.

मातीला आलेली बाई वेशीपासूनच रडत येते. ती आत्या होती, फ्लेक्सवाल्याचं स्टेटस फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलं होतं. पूर्णेहून गाडीत बसून मानवत रोड स्टेशनला उतरलेली, तिथून मिळेल त्या जीपनं फाट्यापर्यंत आलेली. केस पिकलेले, पदर लोळत असलेला. "माझ्या दादा रं, माझं म्हायार उठलं रं, मी कुनाच्या दारात येऊ रं." माझ्या हातातली राखेची वाटी खाली पडली. कॅमेरावाला परभणीचा, त्याला वाटलं ही भावानं आणलेली नटी आहे. तो खूश होऊन आणखी जवळ गेला. भावानं तिला ओळखलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. त्यानं 'कट' म्हटलं नाही. नंतर म्हणायचा, ताई, माझी दातखीळ बसली होती. मी त्याच्यावर विश्वास ठेवलेला नाही.

खांदेकऱ्यांनी गोंधळून तिरडी खाली टेकवली. आत्या तिच्यावर पडली आणि आण्णांच्या छातीवर डोकं आपटायला लागली. आण्णांनी डोळे उघडले. हळूहळू उठून बसले. ती मागं सरकली नाही, किंचाळली नाही. तिनं त्यांच्या गालावर हात ठेवला, मग बोटं स्वतःच्या नाकाशी नेली. हळदीचा वास आला असणार. मग तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"जिता हायस?"

आण्णांनी नुसती मान हलवली. नाकातला कापूससुद्धा काढायचं भान नव्हतं त्यांना.

"मग मी जाते," ती म्हणाली.

एवढं बोलून आली त्या वाटेनं परत चालायला लागली. मी मागं पळाले, हातापाया पडले, आत्या, चूक झाली, हे पिच्चर आहे, घरी चल, तुझ्या साड्या पेटीत आहेत. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. गलबला ऐकून आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत फाट्यापर्यंत आली. आत्यानं तांब्या घेतला, चूळ भरून टाकली, पाणी गिळलं नाही. फाट्यावरच्या कडुलिंबाचा पाला तोडून चावला. मातीहून परतणारं माणूस करतं तसंच सगळं केलं आणि जीपमध्ये बसली. तिच्या डोक्यावरच फ्लेक्स होतं. मी ते टराटरा फाडलं, पण तेव्हा त्याचा काय उपयोग?

आण्णा तिरडीवर तसेच बसून होते. उठून मागं जायचं त्यांना सुचलं नाही, की पाय उचलले नाहीत, मला माहीत नाही. मला त्यांचा इतका राग आला होता, की मी त्यांचं तोंडही धुतलं नाही. आईनं धुतलं.

पिच्चर मग रडतखडत पुरा झाला. भाऊ लॅपटॉपवर जोडाजोडी करायला बसला आणि एके दिवशी मला म्हणाला, ताई, सगळ्या पिच्चरमध्ये एवढा एकच सीन खरा आहे, हा टाकला तर लोक हसता हसता गप होतील. मी म्हटलं, लाज वाटू दे जरा. आमची चांगलीच जुंपली. आवाज ऐकून आण्णा आत आले आणि म्हणाले, दाव मला. भावानं लावलं. आण्णांनी बघितलं. परत लाव म्हणाले. परत बघितलं. आम्ही दोघंही एकमेकांकडं बघायचं टाळत होतो.

"पिच्चरमधी न्हाई टाकायचं," आण्णा म्हणाले. "पन पुसू बी नको. माझ्या मोबाइलात दे."

भाऊ धुसफुसला, पण त्यानं ऐकलं. पिच्चर यूट्यूबवर गेला. गावानं बघितला, पाथरीच्या पाहुण्यांनी बघितला, सरपंचाच्या कानाखाली बसते तिथं सगळे हसले. आत्याकडून काही आलं नाही. आईनं आत्याच्या सुनेला फोन लावला, तर ती म्हणाली, त्या घरी आल्या, डोक्यावरून अंघोळ केली आणि तुमचं नाव काढू नका म्हणाल्या.

परवा मी गावी गेले होते. आण्णा गोठ्यात शेळ्यांपाशी बसलेले, मोबाइल तोंडापुढं धरलेला. मला वाटलं, कुणाशी बोलायलेत. जवळ गेले तर आत्याचा हेल. माझ्या दादा रं, माझं म्हायार उठलं रं. ती तिरडीपाशी येते, छातीवर डोकं टेकवते आणि तिथं आण्णांनी ते बंद केलं. परत पहिल्यापासून लावलं. परत तिथंच बंद केलं. मी म्हटलं, आण्णा, पुढचं का बघत नाही?

त्यांनी परत पहिल्यापासून लावायला बोट नेलं.

"म्होरचं काय बघायचं," ते म्हणाले. "म्होरं मी उठून बसतो अन् ती निघून जाती."